आते तळं पाहायला आली

माझ्या घरासमोरचं तळं इतकं देखणं आहे की कधीकधी त्याचा राग येतो. सकाळी ते हिरवं असतं, दुपारी निळं, आणि उन्हं कलली की जुन्या तांब्याच्या घंगाळासारखं काळपट लाल. पुण्या-मुंबईकडची माणसं रस्त्यावर गाड्या थांबवून त्याचे फोटो काढतात. एकदा एका बाईनं फाटकातून डोकावून विचारलं, "किती भाग्यवान हो तुम्ही! नैसर्गिक आहे ना हे तळं?" मी हो म्हटलं. खरं सांगत बसायला वेळ होता, पण सांगावंसं वाटलं नाही.

ही खाण आहे. डिचोलीच्या बाजूला अशी बरीच तळी आहेत. खनिज नेलं, मग काम थांबलं, पाणी उपसणारे पंप थांबले, आणि खड्डे भरत गेले. काठ सुरीनं कापल्यासारखे सरळ आहेत, पाय ठेवायला उतार म्हणून नाही. गुरं इथं पाण्यावर येत नाहीत. बगळे काठावर उतरतात, थोडा वेळ उभे राहतात आणि निघून जातात. या पाण्याच्या जागी डोंगर होता आणि डोंगरावर आमचं घर होतं. लहानपणी ज्या दिशेला मान वर करून बघायचे, त्याच दिशेला आता मान खाली घालून बघते.

निवृत्त झाले तेव्हा काठावरचा हा जमिनीचा तुकडा मी हट्टानं घेतला आणि छोटं घर बांधलं. पुढं बाल्कांव, म्हणजे दाराबाहेरची ओसरी ठेवली, दोन्ही बाजूंना बसायला सोपे, म्हणजे बांधीव बाकं असलेली, पूर्वीच्या घरांना असायची तशी. माझे यजमान म्हणाले होते, म्हापशाला फ्लॅट घेऊ, डॉक्टर जवळ, बाजार जवळ. आता तेच दिवसभर बाल्कांवात पेपर तोंडावर घेऊन झोपतात.

परवा आते आली. बाबांची थोरली बहीण, नव्वदीला टेकलेली. ती डिचोली शहरात माझ्या भावाकडे असते. घर बांधल्यापासून मी तिला बोलावत होते आणि ती दर वेळी म्हणायची, "मागीर येतां गो," नंतर येईन गं. या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, का कोण जाणे, तिनंच निरोप धाडला, आंबे संपण्याआधी तुझं तळं दाखव. यजमान गाडी घेऊन गेले आणि तिला घेऊन आले. गाडीतून उतरताना तिनं त्यांचा हात धरला नाही. काठी टेकत बाल्कांवात आली, कदेलीवर, म्हणजे माझ्या वेताच्या खुर्चीवर बसली, आणि पहिल्यांदा पाण्याकडे पाहिलं.

"इतलें उदक खंयसून आयलें गो?"

"पावसाचें, आते. थोडें जमनींतलें."

"बरें दिसता," ती म्हणाली, आणि चष्मा पदरानं पुसायला लागली.

उन्हाळा सरताना इथं एक विचित्र स्वस्थता येते. काजूचा हंगाम आटोपलेला असतो. फणस रात्री कुणाला न कळता पडतात आणि सकाळी त्यांच्या वासानं कळतं. अंगणात भिरंडांच्या, म्हणजे कोकमांच्या साली लाल वाळत असतात. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलीचा भोंगा पलीकडच्या वळणावर वाजतो आणि तळ्यावरून परत येतो. दुपार अशी थांबते की आता पुन्हा हलणारच नाही. त्या दिवशीही हवा अशीच होती. मी आत सासव करत होते, पिकलेल्या रायवळ आंब्यांचं, मोहरी-खोबरं लावून. बाहेर आते कदेलीवर बसली होती. मोहरी वाटताना नाकात झिणझिण्या आल्या, आणि त्या वासाबरोबर सगळा डोंगर माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

त्या डोंगराला वास होते. काजूच्या दिवसांत तो आंबूस गोड वासानं जड व्हायचा. बोंडं झाडाखाली पडून फुटायची. आते सकाळीच टोकाला खिळा ठोकलेली काठी घेऊन निघायची, खिळ्यानं बोंड टोचायची, बी पिरगळून एका टोपलीत आणि बोंड दुसऱ्या टोपलीत. घरामागच्या खडकात एक उथळ टाकं कोरलेलं होतं. त्यात आम्ही मुलं पाय धुऊन बोंडं तुडवायचो. रस घोट्यांना चिकटायचा, माश्या मागं लागायच्या. भाटीवर मडकी चढायची, धूर झाडांत अडकून राहायचा. पहिल्या धारेची काजूची दारू, हुर्राक, आते एका बाटलीत बाजूला ठेवायची आणि आम्हांला थंडीताप आला की तळपायांना चोळायची. तिच्या हातांना तो वास वर्षभर असायचा. मला कितीतरी दिवस वाटायचं की प्रत्येक आतेच्या हातांना असा वास असतो.

ती लग्न होऊन गेली आणि वर्षाच्या आत पांढऱ्या कपाळानं परत आली. तोवर आजी वारली होती. घरात दोन लहान पोरं होती, बाबा आणि त्यांची धाकटी बहीण शालू. आतेनं त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, मारलं, शाळेत धाडलं. बाबा तिला 'बाय' म्हणायचे, थोरल्या बहिणीला आमच्याकडे म्हणतात तसं. पण तिच्यासमोर ते बसायचे ते लेकरासारखे, पाय जवळ घेऊन.

मग डोंगर खाणीला गेला. कसा गेला, कुणी दिला, याच्या गोष्टी मोठी माणसं दबक्या आवाजात बोलायची. मला आठवतात ते सुरुंग. दुपारी लांब शिट्टी वाजायची. ती वाजली की आते उठून सगळ्या भांड्यांवर झाकणं ठेवायची. मग जमीन हलायची, कौलांतून माती गळायची, आणि ती पुन्हा झाकणं काढायची. वाळत घातलेल्या पापडांवर लाल धूळ बसायची, ती फुंकून टाकायची. आजूबाजूची घरं एकेक करून रिकामी झाली. बाबा त्याच खाणीवर मुकादम होते. खाली सपाटीवर त्यांना खोल्या मिळाल्या होत्या, नळ होता, विजेचा दिवा होता. आई रोज विचारायची, कधी जायचं. आते चुलीपुढून म्हणायची, "माका मेल्यार व्हरा." ती मेल्यावरच तिला इथून न्यायचं. एवढंच. भांडायची नाही.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि म्हणाले, शालूआतेला बरं नाही, धारगळहून निरोप आलाय. "बाय, तूं वच. चेडवाक बरोबर व्हर. घर हांव पळयतां." तू जा, पोरीला बरोबर ने, घर मी बघतो. आतेनं बोचकं बांधलं. आम्हांला बसवायला बाबा बसथांब्यापर्यंत आले. फट मारणं, म्हणजे खोटं बोलणं, बाबांना कधी जमलं नाही. लहानसं खोटं बोलले तरी त्यांचे कान लाल व्हायचे. त्या दिवशी ते सारखे बसच्या चाकांकडे बघत होते. मला त्यांनी चण्यांची पुडी घेऊन दिली. बस सुरू झाली तेव्हा ते जनेलाशी, म्हणजे खिडकीशी आले. आतेनं हात बाहेर काढून त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

धारगळला शालूआते दारातच उभी होती, हाताला तांदळाचं पीठ लागलेलं, ठणठणीत. "बरें जालें आतां माका," ती घाईघाईनं म्हणाली. आतेनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बोचकं खाली ठेवलं.

ते दिवस माझ्या लहानपणातले सगळ्यांत सुखाचे. हे लिहिताना हात अडखळतो, पण तसंच आहे. रस्त्यापलीकडे शेतं कापून उघडी पडलेली, संध्याकाळी त्यांतून वारा यायचा. आम्ही फणसाची साठं घातली, गऱ्यांचा रस सुपांवर पसरून उन्हात ठेवला. खारवलेल्या कैऱ्यांच्या बरण्या भरल्या. शालूआते आतेला सारखी वाढत होती, नको म्हटलं तरी वाढत होती. एकदा आम्ही मोरजीला गेलो. आतेनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. लुगडं घोट्यांच्या वर धरून ती पाण्यात उतरली. पायांखालची वाळू सरकली तशी किंचाळली आणि मग हसायला लागली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ओल्या वाळूत बसून, तोंडावर केस आलेले, ती हसतेय, आणि शालूआते तिच्याकडे पाठ करून माडांकडे बघत उभी आहे. तेव्हा मला वाटलं, शालूआतेला ऊन लागतंय.

परतायची वेळ झाली तेव्हा आतेच म्हणाली, "आनीक चार दिस रावया." शालूआते उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आम्ही परतलो तेव्हा बाबा बसथांब्यावर वाट बघत होते. ते आम्हांला डोंगराच्या वाटेनं नाही, खालच्या रस्त्यानं घेऊन गेले. खोल्यांपुढे आमची तुळस होती. आत आतेची विळी, तिचं जातं, तिच्या देवांचा पाट, तिची खाट खिडकीशी लावलेली, उशाला पाण्याचा तांब्या. सगळं तिच्या हाताला येईल असं मांडलेलं. बाबांनी सुट्टी काढून ते केलं होतं, स्वतः डोक्यावरून वाहून आणलं होतं. ते घामानं निथळत तिच्यापुढे उभे राहिले, शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखे.

"पळय बाय, सगळें हाडलां. कितेंच सोडूंक ना." सगळं आणलंय, काही सोडलेलं नाही.

आतेनं भिंतीला हात लावून पाहिला. गिलावा अजून ओला होता. मग तिनं बाबांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "व्हड जालो रे तूं." मोठा झालास रे तू.

बाबा हसले. त्यांना ते कौतुक वाटलं. त्यानंतर आते त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन वर गेली. आमच्या स्वयंपाकघराच्या जागी टिपर वळत होता. घराच्या पायऱ्यांपासून मागच्या टाक्यापर्यंत सगळी लाल सपाटी. आंबूस वास नाही, धूर नाही, डिझेलचा भपकारा. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला आणि हातानं बाजूला व्हायची खूण केली. आते माझा हात धरून बाजूला झाली. टिपर गेला. आम्ही घरी आलो आणि तिनं नळाखाली हात धुऊन भात टाकला.

ती रुसली असं म्हणता येणार नाही. रुसलेलं माणूस जेवत नाही, काम टाकतं. आते सगळं करायची. बाबांना बांगड्याची आमटी जशी लागायची तशीच व्हायची. ताटावर बसले की ती माझ्याकडे बघून म्हणायची, "तुझ्या बापायक सांग, जेवण वाडलां." बाबा हातभर अंतरावर बसलेले असायचे. मी सांगायचे. पुढं पुढं मला त्याचं काही वाटेनासं झालं. घरात मांजर असतं, तशी ती एक गोष्ट होती.

भाऊबीजेला ती त्यांना पाटावर बसवायची, तेल लावायची, ओवाळायची. दिव्याच्या उजेडात बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. ते ताटात लुगडं ठेवायचे. ती ताट तसंच खाली ठेवून आत जायची, आणि ते लुगडं मी किंवा आई उचलेपर्यंत तिथंच असायचं. दर वर्षी ते आधीच्यापेक्षा चांगलं लुगडं आणायचे. आईनं एकदा तिचे पाय धरले. "बाय, माका मार, पूण तांचेकडेन उलय." मला मार, पण त्यांच्याशी बोल. आतेनं तिला उठवलं, तिचे डोळे पुसले, जवळ घेतलं. आणि नंतर सगळं होतं तसंच.

बाबा मात्र तिच्याशी बोलायचे. बाजारात काय भाव होता, कुणाची पोर उजवली, नदीला किती लाल पाणी आलं. बोलता बोलता मधे थांबायचे, समोरच्यानं काहीतरी म्हणावं एवढी जागा सोडायचे, आणि मग पुढं बोलायला लागायचे. मी कचेरीत नोकरीला लागले, लग्न झालं, माहेरी जात-येत राहिले. दर वेळी ती रिकामी जागा मला ऐकू यायची.

खाण थांबली त्या सुमाराला बाबांनी अंथरूण धरलं. एक बाजू गेली होती, बोलणं अर्धवट उमटायचं. आते तोपर्यंत म्हातारी झालेली, तरी त्यांना पुसणं, कुशीवर वळवणं, पेज भरवणं तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. माझ्या वहिनीनं हात लावला तर तिला चालायचं नाही. एका दुपारी मी तिथं होते. आते कुलेरीनं, म्हणजे चमच्यानं, त्यांना पेज देत होती. बाबांनी तोंड मिटून घेतलं. चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं.

"बाय... उलय गो." मग धाप लागली. मग म्हणाले, "एक गाळ तरी घाल." एखादी शिवी तरी दे.

आतेनं त्यांची हनुवटी पदराच्या टोकानं पुसली, हळूच, लहान पोराची पुसतात तशी. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या बापायक तोंड उगडूंक सांग. पेज थंड जाता."

बाबांनी तोंड उघडलं.

बाबा गेले, त्यांना नेलं तेव्हा ती एवढी रडली की शेजारच्या बायका म्हणाल्या, बहिणीचा जीव असा असतो. मला त्या रडण्याचा अर्थ लागला नाही. मी एवढंच धरून बसले होते की तिचं घर गेलं, तिच्या पाठीमागं गेलं, आणि ती जखम कधी भरली नाही. तिच्यासाठीच मी हा तुकडा घेतला होता. डोंगर परत देता येत नाही, निदान त्याच्या जागेशेजारी तिनं एखादी दुपार बसावं.

परवा ती बसली. सासव, उकड्या तांदळाचा भात, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची किसमूर, सगळं चवीनं जेवली. यजमान आत जाऊन पडले. मी मानकुराद आंबा कापून बशी तिच्यापुढे ठेवली आणि खाली पायरीवर बसले. वारा नव्हता. पाणी काचेसारखं पसरलेलं.

"आते," मी म्हटलं, "घर तेन्ना थंयसर आशिल्लें, मधोमध." आपलं घर तिथं होतं, मी बोट दाखवलं.

तिनं पाहिलंसुद्धा नाही. "खबर आसा माका."

मग फोड चोखत, सहज, भाजीला मीठ कमी पडलं म्हणून सांगावं तशी म्हणाली, "ताणें पाडपाचें थारायलें तेंय माका खबर आशिल्लें." त्यानं घर पाडायचं ठरवलं होतं, तेही तिला ठाऊक होतं.

मला आधी नीट कळलंच नाही. मी विचारलं, कधी?

"बसीर बसतना. कान पळयल्ले मगो ताचे, तांबडे. शालूक कितेंच जावंक नाशिल्लें." बसमध्ये बसतानाच तिनं त्यांचे लाल कान पाहिले होते; शालूला काहीच झालेलं नव्हतं.

"मग गेलीस कित्याक?"

"वचूंक नाशिल्लें जाल्यार ताची नोकरी गेल्ली. पोरां व्हडलीं जावंक जाय न्ही?" गेले नसते तर त्याची नोकरी जायची, तुम्ही पोरं मोठी व्हायची होती. "आनी माज्यामुखार ताच्यान पाडूंक जावचें नाशिल्लें." तिच्यादेखत त्याला घर पाडवलं नसतं. धारगळला आणखी चार दिवस राहू या, असं ती का म्हणाली, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिनं त्यांना वेळ दिला होता.

म्हणजे घर तिनंच सोडलं होतं. स्वतःच्या पायांनी जाऊन, कॉलर सरळ करून. मग उरलेलं सगळं आयुष्य कशाचं होतं? मी तिला विचारलं, माझा आवाज चढला होता, आत यजमान कुशीवर वळल्याचं ऐकू आलं. मग बोलणं का टाकलंस?

तिनं आंब्याची साल बशीच्या कडेला नीट लावून ठेवली.

"ताणें माका फटयली म्हूण न्हय गो. माका फटोवंक जाता अशें ताका दिसलें, म्हूण." त्यानं फसवलं याचं तिला काही नव्हतं. तिला फसवता येईल असं त्याला वाटलं. "विचारूंक जाय आशिल्लें. हांवें ताका व्हड केल्लो. विचारिल्लें जाल्यार हांवूच कौलां देंवयतलें आशिल्लें." तिनंच त्याला वाढवलं होतं, त्यानं विचारायला हवं होतं; विचारलं असतं तर तिनं स्वतः कौलं उतरवून दिली असती.

मला बाबा दिसले, चांगल्या हातानं तिचं मनगट धरलेले. जनेलाशी धावत आलेले बाबा, डोक्यावर जातं घेऊन डोंगर उतरणारे बाबा. मरेपर्यंत त्यांना वाटत राहिलं की आपण तिचं घर चोरलं.

"मरताना तरी सांगायचं होतंस, आते," मी म्हटलं. घरच्या बोलीतून मी एकदम शाळेतल्या मराठीत आले होते. "एवढंच सांगायचं होतंस, मला माहीत होतं. एवढंच."

तिनं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे अजून चांगले आहेत. त्यांत राग नव्हता, दुःखही नव्हतं, मला काही समजावून सांगावं असंही नव्हतं.

"सांगिल्लें जाल्यार," ती म्हणाली, "तो सुखान मेलो आसतो."

तळ्यावर एक खंड्या सपकन उतरला, चोचीत काहीतरी चमकलं, आणि पाणी पुन्हा मिटलं. आते खुर्चीत मागं रेलली. थोड्या वेळानं तिचा श्वास लांब आणि संथ झाला, तोंड किंचित उघडं पडलं. लहान मूल पोट भरल्यावर झोपतं तशी ती झोपली.

यजमान डोळे चोळत बाहेर आले. तिच्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "कितें म्हणटाली गो आते? आवडलें तिका हांगा?"

मी बशी उचलली.

"आंबो गोड आसा म्हणटाली," मी म्हटलं.